घडीचा पडदा घडीतच उभा करावा

जपान, चीन आणि कोरिया येथील हाताने रंगवलेल्या घडीच्या पडद्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. या उत्तरांमध्ये ‘पडदा’ म्हणजे खिडकीचा कापडी पडदा नव्हे. लाकडी चौकटीवर कागद किंवा रेशीम ताणून, अथवा लाकडी फळ्यांवर लेप देऊन तयार केलेली आणि एकमेकांना जोडून उभी केलेली चित्रांकित पाने, असा त्याचा अर्थ घ्यावा.

प्रश्न : माझ्या भावाने ओसाका येथील वास्तव्यात घेतलेला एक जुना, सहा पानांचा पडदा आता आमच्याकडे आला आहे. सोनेरी जमिनीवर शरदातले उंच गवत आणि त्यात बुडत चाललेला मोठा चंद्र असे चित्र आहे. आमचा दिवाणखाना १६ फूट लांब आहे. पडदा पूर्ण उलगडून सोफ्यामागच्या भिंतीवर सपाट बसवावा, पुढे काच लावावी आणि छतातून प्रकाशझोत सोडावा, असे सजावटकारांचे म्हणणे आहे. आपण काय सुचवाल? — एक वाचिका, पुणे

उत्तर : तो भिंतीवर सपाट बसवू नये, त्यावर काच लावू नये आणि वरून येणारा प्रकाशझोत तर मुळीच नको, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे थोडी सविस्तर सांगते, कारण ती समजली की पडदा कोठे ठेवावा हे आपले आपल्यालाच ठरवता येईल.

फार पूर्वी या पडद्यांची पाने दोऱ्यांनी किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी जोडलेली असत आणि प्रत्येक पानाला स्वतंत्र किनार असे, म्हणून प्रत्येक पानावरचे चित्रही वेगळे असे. नारा येथील शोसोइन या प्राचीन भांडारात आठव्या शतकातला असा सहा पानांचा पडदा आजही जपलेला आहे. त्याच्या प्रत्येक पानावर झाडाखाली एक स्त्री असून तिच्या वस्त्रांवर एके काळी पक्ष्यांची खरी पिसे चिकटवलेली होती. पुढे चौदाव्या शतकाच्या सुमारास जपानी कारागिरांनी कागदाची बिजागरी प्रचारात आणली. मजबूत कागदाच्या पट्ट्या एका पानाच्या पुढून शेजारच्या पानाच्या मागे अशा आलटूनपालटून चिकटवल्या की पाने दोन्ही दिशांना दुमडतात आणि त्यांच्यामध्ये फटही राहत नाही. या युक्तीमुळे मधल्या किनारी गेल्या आणि चित्रकाराला सहा पानांवर पसरलेली एकच अखंड जमीन मिळाली. मात्र ती जमीन सपाट नसून नागमोडी उभी राहणार आहे, हे धरूनच तो चित्राची मांडणी करू लागला.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे चित्रकार ओगाता कोरिन यांचा अठराव्या शतकाच्या आरंभीचा आयरिस फुलांचा जोडपडदा, जो तोक्योच्या नेझू संग्रहालयात आहे. सोन्याच्या जमिनीवर केवळ निळी फुले आणि हिरवी पाती आहेत. पाणी नाही, काठ नाही, माणूस नाही. पुस्तकातल्या सपाट छायाचित्रात ती ओळीने मांडलेली नक्षी वाटते. पडदा घड्यांमध्ये उभा असला की काही ताटवे पुढे येतात, काही मागे सरकतात आणि पाहणारा उजवीकडून डावीकडे चालू लागला की एक ताटवा दुसऱ्याला झाकतो आणि पुन्हा उघडा करतो. आपल्या पडद्यावरचे गवतही असेच पाहायचे आहे. भिंतीवर सपाट ठोकल्यास चित्र शिल्लक राहील, पण त्याची खोली जाईल. शिवाय कागदी बिजागऱ्या कायम ताणलेल्या राहिल्या की सांध्यांवर चिरा पडण्याचा धोकाही असतो.

आता मापांचे पाहू. सहा पानांचा मोठा पडदा उलगडल्यावर साधारण साडेपाच फूट उंच आणि पावणेबारा फूट रुंद असतो. तोच घड्यांमध्ये उभा केला की नऊ ते दहा फूट रुंदी आणि एक ते सव्वा फूट खोली एवढी जागा व्यापतो. १६ फुटांच्या भिंतीपुढे तो आरामात उभा राहील आणि दोन्ही बाजूंना मोकळी भिंतही उरेल, जी त्याला हवीच असते. सोफ्यामागे मात्र तो ठेवू नये. तेथे चित्राचा खालचा भाग झाकला जातो आणि बसणाऱ्याच्या डोक्याचे तेल कागदाला लागते. हे पडदे जमिनीवर बसून पाहण्यासाठी केलेले असतात. चटईवर बसलेल्या माणसाची नजर ज्या उंचीवर येते तेथून गवत उंच होते आणि चंद्र त्यात खरोखर बुडू लागतो. आपल्याकडे जमिनीवर बसण्याची अडचण नाही. गादी, लोड आणि तक्क्यांची बैठक पडद्यासमोर चार-पाच फुटांवर मांडावी. सोफा समोरच्या भिंतीला गेला तरी चालेल.

प्रकाशाविषयी अधिक काळजी घ्यावी लागेल. जुन्या जपानी घरांचा आतला भाग अंधारा असे. दिवसाचा उजेड कागद लावलेल्या सरकत्या दारांतून गाळून येई आणि रात्री तेलाचे किंवा मेणाचे दिवे असत. सोन्याचा वर्ख हा त्या अंधारावरचा उपाय होता, कारण बाजूने आणि खालून येणारा मंद उजेड तो उचलून धरतो आणि प्रत्येक पान वेगळ्या कोनात असल्याने प्रत्येकाची चमक वेगळी दिसते. छतातून झोत सोडला की हेच सोने पिवळ्या रंगासारखे सपाट दिसते आणि पुढे काच असेल तर त्यात पाहुण्यांना स्वतःचेच चेहरे दिसतात. म्हणून पडद्याच्या एका बाजूला जमिनीलगत, कागदाचा किंवा कापडाचा झाकणदिवा ठेवावा आणि त्यात पिवळसर प्रकाशाचा कमी शक्तीचा एलईडी दिवा लावावा. थेट ऊन एक तासही पडता कामा नये. या चित्रांतला निळा आणि हिरवा बहुधा ॲझुराइट आणि मॅलाकाइट या खनिजांपासून, तर पांढरा शिंपल्यांच्या भुकटीपासून केलेला असतो. हे रंग उजेडात बराच काळ टिकतात. वनस्पतिजन्य रंग, रेशीम आणि खुद्द कागद मात्र टिकत नाहीत आणि झालेली हानी भरून निघत नाही. संग्रहालये अशा वस्तूंवर सुमारे ५० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) एवढाच प्रकाश ठेवतात, तो याच कारणासाठी.

यापुढची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा पडदा वर्षभर मांडून ठेवू नये. नेझू संग्रहालय कोरिन यांचा तो पडदा वर्षातून सुमारे महिनाभरच मांडते, आणि तोही त्यांच्या बागेतले आयरिस फुलतात त्या वसंताच्या अखेरीस. क्योतोमध्ये जुलैतल्या गिओन उत्सवात जुनी व्यापारी घराणी आपापले पडदे काढून रस्त्यावरून दिसतील असे मांडतात आणि उत्सव संपला की पुन्हा घडी करून ठेवतात. ऋतूप्रमाणे वस्तू काढणे आणि ठेवणे हा या कलेचाच भाग आहे. आपल्या पडद्यावर शरदाचा चंद्र आहे. जपानमध्ये तो चंद्र पाहण्याची रात्र कधी आपल्या कोजागरीलाच येते, तर कधी एक पौर्णिमा आधी. पुण्यात पाऊस ओसरून हवा कोरडी होऊ लागते तीही तेव्हाच. कोजागरीच्या आठवडाभर आधी तो काढावा आणि दिवाळी झाली की ठेवून द्यावा.

आणखी एक गोष्ट. सहा पानांचे पडदे बहुधा जोडीने केले जात आणि चित्र उजवीकडून डावीकडे पाहायचे असे. मुसाशिनोच्या मैदानातल्या गवताचा विषय असलेल्या अनेक जोड्यांमध्ये एका पडद्यावर चंद्र, तर दुसऱ्यावर फुजी पर्वत आढळतो. ज्या विक्रेत्याकडून पडदा घेतला त्याच्याकडे जोडीच्या पडद्याची चौकशी करायला भावाला अवश्य सांगावे.

प्रश्न : आमचे जुने कौलारू घर मडगावजवळ आहे. पोर्तुगीज जहाजे आणि व्यापारी दाखवणाऱ्या जपानी पडद्यांची चित्रे पाहिल्यापासून असा एखादा पडदा घरात असावा असे वाटते. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. खरा पडदा घ्यावा की प्रतिकृती? — एक वाचक, गोवा

उत्तर : आपली इच्छा अगदी रास्त आहे, कारण त्या पडद्यांच्या इतिहासात गोवा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या आरंभी कानो घराण्यातल्या आणि इतर चित्रकारांनी ‘नांबान’ म्हणून ओळखले जाणारे हे पडदे रंगवले. गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला पोहोचणारे मोठे काळे जहाज, छत्रीखालून चालणारा कप्तान, फुगीर तुमानी घातलेले खलाशी आणि काळ्या झग्यातले जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू असे त्यांचे दृश्य असते. कानो नाइझेन यांचा प्रसिद्ध जोडपडदा कोबे शहराच्या संग्रहालयात आहे. पडद्यांनी उलटा प्रवासही केला. जपानमधले बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा यांनी आपल्या अझुची किल्ल्याचे चित्र असलेला पडदा अलेस्सांद्रो वालिन्यानो या जेझुइट धर्मगुरूंना दिला. १५८२ साली नागासाकीहून निघालेल्या चार जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाने तो गोव्यामार्गे युरोपात नेला आणि १५८५ साली रोम येथे पोप तेरावे ग्रेगरी यांना अर्पण केला. पुढे तो नाहीसा झाला आणि आजवर सापडलेला नाही.

आपल्या घरासाठी मात्र मी उत्तम प्रतिकृतीच सुचवीन. जपानी पडद्याचे अंतरंग हलक्या लाकडाच्या पट्ट्यांची जाळी आणि तिच्यावर एकावर एक चढवलेले कागदाचे अनेक थर असे असते. हे थर ताशाच्या पानासारखे ताणलेले असतात. हवा दमट झाली की ते सैल पडतात आणि वातानुकूलन यंत्राने ती एकदम कोरडी केली की ते ताणून फाटतात. थर चिकटवायला पिठाची खळ आणि रंग धरायला प्राण्यांपासून केलेला सरस वापरलेला असतो, आणि बुरशी, झुरळे व कसर यांना दोन्ही आवडतात. कोकण-गोव्यातल्या घरात, जेथे चार महिने भिंतींनाही ओल येते, तेथे पडद्याला मोठ्या हालअपेष्टा सोसाव्या लागतील.

तरीही खरा पडदा घेतलाच, तर मृगापूर्वी तो आत गेला पाहिजे. हात स्वच्छ धुऊन आणि पूर्ण कोरडे करून, चित्राला स्पर्श न करता, केवळ बाहेरच्या चौकटीला धरून तो मिटावा. मिटलेला पडदा खळ नसलेल्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून थोडा उंच, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या लाकडी कपाटात उभाच ठेवावा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात. प्लास्टिकमध्ये गुंडाळला तर आतली ओल आतच कोंडते. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवू नयेत. पावसाळ्यानंतर गोधड्यांना आणि पापडांना ऊन दाखवण्याची आपली सवय चांगली आहे, पण पडद्याला ऊन दाखवू नये. आश्विनातल्या कोरड्या दिवशी सावलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर, तो दिवसभर उघडा ठेवला की पुरते. बुरशी दिसलीच तर ती पुसू नये, कारण पुसल्याने ती रंगात मुरते. तो पडदा कागदाचे संवर्धन करणाऱ्या जाणकारालाच दाखवावा.

प्रश्न : माझ्या आजोबांनी मुंबईच्या चोर बाजारातून घेतलेला एक काळा, चकचकीत, अतिशय जड चिनी पडदा आमच्याकडे आहे. त्याला बारा पाने असून राजवाड्यातली माणसे, मंडप आणि पक्षी कोरून रंगवलेले आहेत. मागच्या बाजूला चिनी अक्षरे आहेत. आमच्या सदनिकेत तो पूर्ण उघडत नाही. त्याची पाने सुटी करून कपाटांना दारे म्हणून लावावीत, असे सुतार म्हणतो. — एक वाचक, दादर

उत्तर : सुताराला कृपया थांबवा. आपले वर्णन तंतोतंत ज्याच्याशी जुळते तो प्रकार जगभर ‘कोरोमंडल’ पडदा म्हणून ओळखला जातो. त्याची निर्मिती आपल्या पूर्व किनाऱ्यावर झाली नाही, चीनमध्येच झाली. युरोपीय कंपन्यांची जहाजे तो माल कोरोमंडलच्या बंदरांमधून पुढे नेत, म्हणून ते नाव पडले. सतराव्या शतकात, विशेषतः कांगशी सम्राटांच्या कारकिर्दीत, हे पडदे मोठ्या प्रमाणावर झाले. ते बहुधा एखाद्या ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या वाढदिवसाला भेट म्हणून दिले जात, आणि मागची अक्षरे बहुतेक त्याच शुभेच्छांची असतात. ती चिनी जाणणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावीत, कारण त्यात भेट देणाऱ्यांची नावे किंवा वर्ष सापडू शकते. नंतरच्या काळातही असे पडदे पुष्कळ झाले, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याचे वय मी सांगणार नाही.

त्याची रीत मोठी कष्टाची आहे. लाकडी फळ्यांवर मातीसारख्या लेपाचे थर देऊन ते घासून गुळगुळीत करतात, त्यावर काळ्या लॅकरचे थर चढवतात आणि मग चित्राचा आकार खालच्या लेपापर्यंत कोरून त्या खोलगट जागेत रंग भरतात. हे लॅकर म्हणजे आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख नव्हे. ती लाख कीटकांपासून मिळते, तर हे लॅकर एका झाडाचा चीक आहे, आणि ते झाड बिब्ब्याच्या कुळातले आहे. बिब्बा उतल्यावर अंगावर जसे फोड येतात तसेच ओल्या लॅकरने कारागिरांच्या हातांवर येतात. सुकल्यावर मात्र ते निरुपद्रवी आणि अत्यंत टणक होते.

पाने कापून फर्निचरला लावण्याची कल्पना नवी नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या सुतारांनी असे अनेक पडदे कापून त्यांची कपाटे आणि पेट्या मढवल्या. त्यांत माणसांची अर्धी शरीरे आणि आडवे झालेले मंडप आजही दिसतात, आणि ते पाहताना मला फार वाईट वाटते. पॅरिसमध्ये प्रसिद्ध वेशभूषाकार कोको शानेल यांनी आपल्या निवासात असे पडदे भिंतींपुढे आणि दारांपुढे उभे करून खोल्यांचे कोपरे घडवले; आपल्यालाही तोच मार्ग उपयोगी पडेल. या पडद्यांची पाने बहुधा धातूच्या खिळीवर बसवलेली असतात आणि ती वर उचलून सुटी होतात. खिळी तशा असतील तर सलग चार किंवा सहा पाने बाहेर ठेवावीत आणि बाकीची क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून, कापडात गुंडाळून, उभी ठेवावीत. दरवर्षी पाने बदलावीत. सदनिकेचे मुख्य दार उघडताच जेवणाचे टेबल दिसत असेल तर तेथेच हा पडदा उभा करावा, कारण येणाऱ्याची नजर अडवणे हे चिनी घरातही पडद्याचे एक मुख्य काम होते. काळ्या रंगाला मागे फिकट, रिकामी भिंत हवी. त्याच्या शेजारी आणखी कोरीव फर्निचर ठेवले तर खोली कोंदट वाटेल. घरात लहान मुले असतील तर घडीचे कोन पुरेसे खोल ठेवावेत, कारण जवळजवळ सरळ उभा केलेला जड पडदा पुढे कोसळू शकतो.

स्वच्छतेसाठी मऊ, कोरडा ब्रश पुरे. तेल, पॉलिश, ओले फडके यांपैकी काहीही वापरू नये, कारण कोरलेल्या जागेतला रंग पाण्याने निघू शकतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी व जपानी वस्तू आहेत. दादरहून ते दूर नाही, एकदा जरूर जाऊन यावे.

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून योकोहामाला राहतो. यंदा घरच्या गणपतीमागे जपानी सोनेरी पडदा ठेवायचा विचार आहे. तो केवळ सजावटीचा आहे की त्यामागे येथील काही शुभाशुभाच्या कल्पना आहेत? — एक वाचिका, योकोहामा

उत्तर : कल्पना फारच चांगली आहे आणि तेथील रीतीशी जुळणारीही आहे. चित्र नसलेला, संपूर्ण सोनेरी पडदा जपानमध्ये लग्नसमारंभात वधूवरांच्या मागे असतो आणि ३ मार्चच्या बाहुल्यांच्या सणात राजा-राणीच्या बाहुल्यांमागेही छोटा सोनेरी पडदा उभा करतात. मानाच्या जागेमागे पडदा हा संकेत कोरियातही आहे. जोसॉन घराण्याच्या राजांच्या सिंहासनामागे सूर्य, चंद्र आणि पाच शिखरे असलेला पडदा असेच. गणपतीमागे साधा सोनेरी पडदाच ठेवावा. चित्र असलेला ठेवल्यास मूर्ती आणि चित्र यांची स्पर्धा होते.

एक काळजी घ्यावी. मृत व्यक्तीच्या उशाशी पडदा उलटा, म्हणजे खालची बाजू वर करून ठेवण्याची प्रथा तेथे आहे. साध्या सोनेरी पडद्याची वरची बाजू कोणती हे चटकन कळत नाही, म्हणून धातूची पायपट्टी किंवा मागच्या कागदाची नक्षी पाहून खात्री करून घ्यावी. घरी येणारे जपानी शेजारी ते लगेच ओळखतील. समईची काजळी, उदबत्तीचा धूर, अभिषेकाचे पाणी आणि हळदकुंकू यांमुळे जुना, मौल्यवान पडदा येथे नको. बाहुल्यांच्या सणासाठी मिळणारा नवा, लहान पडदा घ्यावा आणि तो मूर्तीपासून हातभर मागे ठेवावा.

प्रश्न : हाताने रंगवलेला म्हणून विकला जाणारा पडदा खरोखर तसा आहे का, हे घेताना कसे ओळखावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : एक चांगले भिंग सोबत न्यावे. छापील चित्रात रंगाचे बारीक ठिपके एकसारख्या रचनेत दिसतात. हाताने लावलेल्या खनिज रंगात कण दिसतात, ते कोठे दाट तर कोठे विरळ असतात, आणि रेषेच्या आरंभी व शेवटी कुंचल्याचा दाब बदललेला जाणवतो. खऱ्या वर्खाचे चौकोन एकमेकांवर चढतात तेथे फिकट रेषांची जाळी दिसते, पण छापील सोन्यातही हल्ली या रेषा छापतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. पितळी वर्ख असेल तर कडांना हिरवट किंवा काळपट छटा येते. बिजागरीच्या जागी, जेथे चित्र एका पानावरून दुसऱ्यावर जाते, तेथे रंग आणि कागद नीट तपासावा, कारण दुरुस्ती सर्वांत आधी तेथेच झालेली असते. मागची बाजूही पाहावी. विक्रेता पडदा भिंतीपासून हलवून मागून दाखवायला तयार नसेल तर तो घेऊ नये. हस्तिदंताची जडणघडण असलेला पडदा कितीही सुंदर वाटला तरी घेऊ नये, कारण आपल्या देशात हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. पैसे बेताचे असतील तर सहा पानांच्या छापील पडद्यापेक्षा दोन पानांचा, साध्या शाईत रंगवलेला, लहानसा खरा पडदा घेणे मला केव्हाही अधिक योग्य वाटते.